तारणाशिवाय तारण

नगर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या सोनेतारण खिडकीवर मी २७ वर्षं काढली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथं रांग लागायची. एकीकडं पेरणी, दुसरीकडं शाळेच्या फिया. बाई पिशवीतल्या रुमालाच्या गाठीतून बोरमाळ काढायची, काचेखालून आत सरकवायची आणि मग मोकळ्या गळ्यावर पदर ओढून उभी राहायची. आमचे सराफ एक मणी कसोटीच्या दगडावर घासायचे, रेघेवर आम्लाचा थेंब सोडायचे, माळ काट्यावर ठेवायचे आणि मण्यांतल्या लाखेचं वजन वजा करायचे. बोरमाळ लाखेवरची असते हे तिलाही ठाऊक असायचं, तरी दर वर्षी विचारायचीच, "एवढी घट धरता व्हय?" निव्वळ वजनाची जी किंमत येईल तिच्या साधारण पाऊणपट कर्ज. पाकिटावर मोहोर, पाकीट तिजोरीत, आणि बाईच्या हातात एक पावती. तिच्यावर ठळक छापलेलं असायचं: तारण.

शनिवारी दुपारपर्यंत मी असं तारण तोलायचो. रविवारी सकाळी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाऊन बसलो की पाळकसाहेब व्यासपीठावरून सांगायचे, तारण फुकट आहे.

मराठीत हा शब्द दोन घरचा आहे. एका घरी त्याचा अर्थ तरून जाणं, पैलतीराला लागणं. दुसऱ्या घरी त्याचा अर्थ गहाण. आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तर या दुसऱ्या घरचे शब्द पानोपानी आहेत. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही 'आमची ऋणे आम्हांला सोड' असं म्हणतो. पवित्र आत्मा हा वतनाचा 'विसार' आहे. ख्रिस्तानं पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून दिला. (हा शब्द आता पोलिसांच्या बातम्यांत इतका रुळलाय, की उत्तम शुक्रवारी तो वाचला गेला की मागच्या बाकांवरची पोरं एकमेकांकडं बघतात.) प्रेषित पौलानं इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं जे वचन आम्हाला लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ करायला लावलं, त्याचा आशय असा: तुमचं तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे झालेलं आहे, ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे, कर्मांमुळं झालेलं नाही, म्हणजे कुणाला आढ्यता मिरवता येऊ नये. 'आढ्यता' या शब्दाचा अर्थ तेव्हा कळत नव्हता. खिडकीवर बसल्यावर कळला. ज्याचं सोनं चोख निघतं त्याचा चेहरा बघावा.

आमच्या पणजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या सख्ख्या भावानं घेतला नाही. त्या भावाची नातवंडं-पतवंडं १९५६ नंतर बौद्ध झाली. त्यातले अण्णा माझे चुलत बंधू, माझ्याहून सात वर्षांनी मोठे, निवृत्त मुख्याध्यापक. लग्नकार्यात भेटले की त्यांचा एक ठरलेला टोला असतो. "तुमचं बरंय रे. आठवडाभर काहीबी करा, रविवारी माफी मागितली की पाटी कोरी. आमच्यात ज्याचं त्यानं निस्तरायचं." हा टोला अण्णांचा एकट्याचा नाही. हिंदू शेजाऱ्यांकडून, नास्तिक मित्रांकडून, आणि वेगळ्या सुरात वर्तमानपत्रांतल्या लेखांतूनही मी तो ऐकत, वाचत आलोय: ख्रिस्ती धर्म म्हणजे स्वस्त सौदा, नुसता 'विश्वास ठेवतो' म्हटलं की सुटका. मला इथं त्याला उत्तर द्यायचंय. पण हेही आधीच सांगतो, की माझी खरी तक्रार टोला मारणाऱ्यांशी नाहीच. ती आम्हा ख्रिस्ती लोकांशी आहे. कृपेला स्वस्त म्हणणाऱ्यांनी तिचं फारसं काही बिघडवलेलं नाही. तिला पुन्हा पुन्हा वहीखात्यात ओढून आणणारे आम्ही आहोत.

मुळात ही शिकवण ज्या प्रसंगानं युरोपभर गाजली, तो प्रसंगच एका स्वस्त सौद्याविरुद्धचा. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याला एकाहून अधिक धर्मप्रांत हवे होते. त्यासाठी रोमला मोठी रक्कम भरावी लागली, ती त्यानं आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीकडून उचलली. कर्ज फेडायचं कसं? पापदंडाच्या माफीची पत्रं विकून. येणाऱ्या पैशातला अर्धा वाटा फुगरच्या कर्जात वळता, अर्धा रोमच्या सेंट पीटर्स मंदिराच्या बांधकामाला. योहान टेट्झेल हा साधू गावोगाव उपदेश करत हिंडे आणि पेटीपाशी पेढीचा माणूस बसलेला असे. आमच्या धंद्यात याला वसुली अधिकारी म्हणतात. पेटीत नाणं खणखणलं की आत्मा शुद्धिस्थानातून सुटतो, असा प्रचार चालला होता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी जर्मनीतल्या विटेनबर्गच्या मार्टिन लूथर या मठवासी साधूनं जे ९५ मुद्दे पाठवले, त्यातला एक नेमका या खणखणाटावर होता. पाठवले कुणाला, तर त्याच आल्ब्रेख्तला.

लूथर हा काही बेफिकीर माणूस नव्हता. मठात असताना तो पापकबुलीला बसला की तासन्‌तास उठायचा नाही; त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्झ वैतागून जायचे. उपास, जागरणं, थंडीत पांघरुणाशिवाय झोपणं, सगळं करून झालं. प्रत्येक कबुलीनंतर आणखी एखादं पाप आठवायचं आणि खात्यावर बाकी दिसायची. मग रोमकरांस पत्रातल्या 'नीतिमान विश्वासाने जगेल' या ओळीशी झगडताना त्याला उलगडलं, की देवाचं नीतिमत्त्व ही देव आपल्याकडून वसूल करतो अशी गोष्ट नाही, तो देतो अशी आहे. अण्णांच्या टोल्याला पहिलं उत्तर इथंच आहे. कृपेची ही शिकवण पाप करून मोकळं व्हायची वाट शोधणाऱ्याला सुचलेली नाही. हिशेब ठेवून ठेवून जो पार मोडला, त्याला ती सापडली.

लूथरच्या शिकवणीचं सूत्र 'केवळ विश्वासानं'. यातला 'केवळ' रोमकरांस पत्रातल्या मूळ ग्रीक वचनात नाही. लूथरनं १५२२च्या जर्मन भाषांतरात तो घातला आणि पुढं त्याचं समर्थनही केलं. ज्या एका ठिकाणी नव्या करारात 'केवळ विश्वासानं' असे शब्द एकत्र येतात, ते याकोबाचं पत्र, आणि तिथं वाक्य नकारार्थी आहे: मनुष्य केवळ विश्वासानं नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो. या एका शब्दावरून पश्चिमेकडची मंडळी दुभंगली. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेनं १५४७ साली 'केवळ विश्वासानं'च्या विरुद्ध निर्णय दिला, आणि पुढं साडेचारशे वर्षं दोन्हीकडचे लोक एकमेकांना चुकीचे ठरवत राहिले. ३१ ऑक्टोबर १९९९ला लूथरन जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी त्याच फुगरच्या आउग्सबुर्गमध्ये एकत्र सही केली: आपल्या कोणत्याही लायकीमुळं नाही, तर केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो, आणि सत्कर्मं करायला तोच बळ देतो. वसईचा माझा एक कॅथलिक मित्र म्हणतो, "एवढंच होतं तर इतकी वर्षं भांडलात कशाला?" मला याचं नीट उत्तर देता येत नाही, आणि द्यायची फार इच्छाही नाही.

मला जास्त रस आहे तो कर्जमाफीत.

२०१७ साली राज्य सरकारनं दीड लाखापर्यंतची कर्जमाफी आणली, २०१९च्या डिसेंबरात दोन लाखांपर्यंतची. या माफ्या बँकांच्या आणि विकास सोसायट्यांच्या पीककर्जाला होत्या. आमच्या संस्थेचा त्यांच्याशी संबंध नव्हता, पण चर्चा मात्र आमच्याच खिडकीसमोर चालायची. जे दर मार्चला नवंजुनं करून का होईना पण भरत होते, त्यांचा संताप मी जवळून पाहिलाय. एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला होता, "आम्ही वेळेवर भरलं ते काय येडे म्हणून?" सरकारलाही हे कळलं असावं, म्हणून नियमित फेड करणाऱ्यांना प्रोत्साहन अनुदान द्यावं लागलं. आधी जास्तीत जास्त २५ हजार, नंतरच्या योजनेत ५० हजारांपर्यंत. आणि माफीवर जाणकार जे आक्षेप घेतात तेही तोंडपाठ आहेत: पत बिघडते, शिस्त जाते, पुढच्या माफीची वाट बघत लोक मुद्दाम थकवतात.

कृपेवरचे आक्षेप हेच आहेत. अगदी शब्द न शब्द. आणि ते आक्षेप शास्त्रात नाहीत असंही नाही. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत सगळ्यांना माहीत असतो, पण उपदेश बहुतेक वेळा धाकट्यावर होतो. मला थोरला ओळखीचा वाटतो. तो शेतावरून घरी येतो, त्याला वाजवणं-नाचणं ऐकू येतं, आणि तो आत जायला तयार नाही. इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, मला मित्रांबरोबर चैन करायला तुम्ही कधी एक करडूसुद्धा दिलं नाही, असं तो बापाला सुनावतो. हा आमचा नियमित कर्जदार. बाप त्याला खोटं ठरवत नाही, त्याची समजूत घालायला स्वतः बाहेर येतो. पण प्रोत्साहन अनुदान मात्र देत नाही. माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे, एवढंच म्हणतो. तो आत गेला की नाही हे येशूनं सांगितलेलं नाही. गोष्ट दाराबाहेरच थांबते.

दुसरा दृष्टांत मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला, आणि तो तर सरळ वसुलीचाच आहे. एक राजा हिशेब घ्यायला बसतो. एका चाकराकडं दहा हजार तलांत येणं निघतं. एक तलांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे येणं झालं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. कुठल्याही शाखाधिकाऱ्यानं हे खातं बुडीत म्हणून काढलं असतं. चाकर पाया पडून म्हणतो, मला वागवून घ्या, मी सगळं फेडीन. राजाला कळवळा येतो आणि तो कर्जच सोडून देतो. चाकर बाहेर पडतो तो थेट शंभर दीनार देणं असलेल्या सोबत्याच्या नरडीला हात घालतो. त्या सोबत्याचे शब्दही तेच: मला वागवून घे, मी फेडीन. हा मात्र त्याला तुरुंगात टाकतो. ते ऐकून राजा माफी मागं घेतो.

या दृष्टांतावर मी पुष्कळ उपदेश ऐकलेत. बहुतेकांत निष्कर्ष असा, की क्षमा करा, नाहीतर तुमची क्षमा रद्द होईल. म्हणजे पुन्हा अट आलीच. माझं वाचन वसुलीच्या टेबलावरचं आहे, ते चुकीचंही असेल. चाकरानं मागितली होती मुदतवाढ. मिळाली माफी. मला वाटतं, त्याला ते ऐकूच आलं नाही. त्याच्या लेखी कर्ज अजून उभंच आहे, फक्त तारीख पुढं गेलीय. म्हणून तो घाईघाईनं आपली येणी गोळा करायला धावतो. एक रुपयाही सोडणं त्याला परवडत नाही. थकलेल्या माणसांना मी असं वागताना पाहिलंय. सावकाराकडून बोलणी खाऊन आलेला बाप घरी येऊन पोराला मारतो, तसं. ज्याला खरोखर कळलं की आपली वहीच फाडून टाकलीय, त्याचा हात दुसऱ्याच्या नरडीकडं सहसा जात नाही. कर्मांचं आणि विश्वासाचं नातं मला तरी एवढंच कळलंय. याकोबाशीही मग भांडण उरत नाही. नरडीवरचा हात सुटलेला नसेल, तर माफी कानांपलीकडं गेलेलीच नाही.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दृष्टांत चांगलाय. पण कर्ज कुणाचं ते सांग ना. आपल्या आज्या-पणज्यांनी कुणाचं काय घेतलं होतं?"

हा स्वस्त सौद्याच्या टोल्याहून फार मोठा प्रश्न आहे, आणि तो बाबासाहेबांचा आहे. भारतीय ख्रिस्ती समाजाबद्दल लिहिताना त्यांनी नेमका हा आक्षेप घेतला होता. ज्याला समाजव्यवस्थेनं चिरडलं त्याला तुम्ही सांगता की तुझ्या पतनाचं मूळ तुझ्याच पापात आहे, मग तो भोवतालाशी लढायचं सोडून स्वतःला सुधारत बसतो. पुढं धम्माची मांडणी करतानाही त्यांनी बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, यावर भर दिला. तारण देणारा कुणी वर बसलाय म्हटलं, की खालच्या माणसाच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं जातं, अशी ती धास्ती आहे. ती निराधार आहे असं मला म्हणवत नाही. आमच्यात आजही सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" हे हळूच विचारलं जातं. सगळ्यांचं पाप एकाच रक्तानं धुतलं गेलं, असं गाणं म्हणून झाल्यावर विचारलं जातं.

यात वाईट वाटण्यासारखी गोष्ट ही, की कृपेचा दुसरा अर्थ फार पूर्वी, लूथरच्या डोळ्यांदेखत, शेतकऱ्यांनी लावून दाखवला होता. १५२५च्या मार्चमध्ये मेमिंगेन गावात जर्मन शेतकऱ्यांनी बारा कलमांचं मागणीपत्र तयार केलं. त्यातल्या तिसऱ्या कलमाचं म्हणणं: ख्रिस्तानं आपलं रक्त देऊन गुराख्यापासून सरदारापर्यंत सगळ्यांना सोडवलंय, मग आम्ही कुणाची वेठ का करायची? इतकं सरळ. ज्याची मुक्तता झालीय त्याला गहाण ठेवता येत नाही. लूथरनं मात्र हे मानलं नाही. ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचं असतं, देहाच्या वेठीला ते लावू नका, असं त्याचं म्हणणं पडलं. बंड चिघळल्यावर तर त्यानं राजेलोकांना शेतकऱ्यांची कत्तल करायला सांगणारं जहाल लेखन केलं, आणि कत्तल झालीही, हजारोंनी. दहा हजार तलांतांची माफी ज्याला सगळ्यात आधी ऐकू आली होती, त्याचाच हात नरडीवर गेला. लूथरचं नाव घेऊन आमच्याकडं जे धर्मसुधारणा दिन साजरे होतात त्यात हे पान कुणी वाचत नाही.

तरी अण्णांपुढं मी एक नाव ठेवतो. पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ साली झाला. पण त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. सिद्धान्त पटले होते, मनाचं ओझं उतरलं नव्हतं. ते उतरलं पुढं सातआठ वर्षांनी. ज्या बाईनं लहानपणापासून पुराणं पाठ केली, दुष्काळात आईबाप गमावले, पायी देश पालथा घातला, आणि शास्त्रांत स्त्रीला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही हे वाचलं, तिला 'लायकी लागत नाही, जातही नाही, बाईपणही आड येत नाही' हे ऐकून काय वाटलं असेल ते आपण पुरुषांनी जरा जपूनच बोलावं. इथं कृपेनं बाईच्या हातातलं काही काढून घेतलेलं दिसत नाही. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, तिथं शेती, विणकाम, घाणा, छापखाना. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं, आणि ते मुक्तीतल्या मुलींनीच छापलं. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या तोवर भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं. हे सगळं पुण्य साठवण्यासाठी नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते खातं बंद झालेलं होतं. मग कशासाठी होतं? मला वाटतं, हात रिकामे झाले होते म्हणून.

अण्णा रमाबाईंना मानतात. पण म्हणतात, "एक रमाबाई दाखवतोस, आणि बाकीचे?"

बाकीचे सध्या काय करतायत ते मी पाहून आलोय. दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मैदानात मोठी आरोग्य-आशीर्वाद सभा झाली. नाव घेत नाही. अशा आता गावोगाव होतात. मंडप, पडद्यावर दिवे, ढोलकीऐवजी ड्रम. उपदेशक चांगला बोलणारा. तासाभरानं त्यानं 'पेरणी' हा विषय काढला: जेवढं पेराल तेवढं उगवेल, देव कुणाचं ठेवून घेत नाही. स्वयंसेवक ओळीओळीनं पाकिटं वाटत गेले, आणि खांबाखांबाला क्यूआर कोड चिकटवलेले होते. माझ्या शेजारी एक बाई मांडीवर आजारी मुलगा घेऊन बसली होती. तिनं ब्लाउजमधून घडी केलेली पाचशेची नोट काढली, पाकिटात घातली, पाकीट मुलाच्या कपाळाला लावलं आणि मग दिलं. मला खिडकी आठवली. फरक एवढाच, की इथं पावती नव्हती.

टेट्झेल मेला असं आपल्याला वाटतं. त्याच्या पेटीत खणखणाट तरी व्हायचा, आता नुसतं 'टुंग' वाजतं.

आणि त्याहून वाईट पुढं असतं. मुलगा बरा झाला नाही तर आईला सांगतात, "ताई, विश्वास कमी पडला." म्हणजे सुटकेचा एकमेव दरवाजा म्हणून जो विश्वास सांगितला, तोच आता काट्यावर ठेवायचा, लाखेचं वजन वजा करायचं आणि निव्वळ किती भरतो ते बघायचं. असा तोललेला विश्वास हे नव्या नावाचं कर्मच झालं, आणि जुन्या कर्मापेक्षा जास्त निर्दय. उपास तरी मोजता येत होते.

यावर आपल्याकडं एक जुना, सुंदर वाद आहे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत दोन पंथ. वडगलै म्हणतात, माकडीण उड्या मारते तेव्हा पिल्लानं तिला घट्ट धरलं पाहिजे. तेंगलै म्हणतात, मांजरी पिल्लाला मानगुटीला धरून नेते, पिल्लानं काही करायचं नाही. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. कृपा हा शब्द मराठी ख्रिस्ती माणसाला परदेशी मिशनऱ्यानं शिकवला असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. पतितपावन हे विठोबाचं बिरुद आमच्या आधीचं आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असंच सांगत. मी स्वतः मांजरीच्या बाजूचा आहे, आणि माझा पुरावा येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरचा तो अपराधी. त्याला ना बाप्तिस्मा, ना दशमांश, ना मंडळीची सभासदी, ना सुधारून दाखवायला एक दिवस. त्याचा विश्वास काट्यावर ठेवला असता तर किती भरला असता कोण जाणे. 'माझी आठवण ठेवा' यापलीकडं त्यानं येशूकडं काही मागितलेलंच नाही. त्याला उत्तर मिळालं, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

मग अण्णांचं काय, ज्यांना यातलं काहीच नको आहे? कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली म्हटलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही पण जे सचोटीनं विवेकाप्रमाणं जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. आमच्यातले कडवे पाळक हे ऐकून कानांवर हात ठेवतात. माझ्यापुरतं सांगायचं तर खिडकीवरच्या कारकुनाला मंजुरीचा अधिकार नसतो. २७ वर्षांत एकाही कर्जावर शेवटची सही माझी नव्हती. वर बसलेल्याच्या वतीनं 'नामंजूर'चा शिक्का मारणारे कारकून प्रत्येक धर्मात असतात, आणि दान देणाऱ्यापेक्षा त्यांचीच घाई जास्त असते.

आता माझी स्वतःची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. निवृत्तीनंतर मी एका मंडळीचा खजिनदार झालो. तिथं नियम असा, की वर्गणी थकलेली असेल तर दफनभूमीचं पत्र मिळत नाही. मागच्या पावसाळ्यात एक म्हातारे सभासद प्रभूत निजले. तीन वर्षांची वर्गणी बाकी, तीन हजार सहाशे. मुलगा भिजत सकाळी सातला दारात आला. मी वही काढली. बाकी दाखवली. त्यानं मेव्हण्याला फोन लावला, मेव्हण्यानं माझ्या फोनवर पैसे टाकले, मी पावती फाडली आणि मग पत्रावर सही केली. दुपारी कबरीपाशी पाळकसाहेब वाचत होते, कृपेनेच तुमचे तारण झालेले आहे. पावतीपुस्तक माझ्या पिशवीत होतं.

वार्षिक सभेत मी ठराव मांडला: दफन, बाप्तिस्मा आणि लग्नाचं पत्र यांचा वर्गणीशी संबंध ठेवू नये. अनुमोदन फक्त एका बाईंनी दिलं, अंगणवाडीत काम करतात त्या. चर्चा तासभर चालली. एक जण म्हणाले, "सगळं फुकट केलं तर भरील कोण?" दुसरे म्हणाले, "जे नियमित भरतात त्यांच्यावर अन्याय होईल." छपराची दुरुस्ती, पाळकांचा पगार, विजेचं बिल, हे सगळे आकडे खरेच होते, कारण ते मीच वाचून दाखवले होते. शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला.

अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. "म्हणजे तुमच्यातबी तारण लागतंच की रे."

"लागतं, अण्णा," मी म्हणालो. "सध्या तरी लागतं." ठराव मी पुन्हा लिहून दिलाय. या वेळी अनुमोदनाला तीन सह्या आहेत. तिसरी त्या मुलाची आहे.